तारीखवार सांगता न आलेली हकिकत

मुलीला घेऊन मी चिंचवडचे सासर सोडले आणि साताऱ्याला माहेरी आले, तेव्हा घरातल्या सगळ्यांची आणि माझीही समजूत अशी होती की मार थांबला म्हणजे त्रासही थांबेल. प्रत्यक्षात उलट घडले. सासरी असताना मी पहाटे उठून डबे करत होते, सणवार सांभाळत होते, पाहुण्यांपुढे हसून वावरत होते. आईच्या घरी दाराला आतून कडी घालून निर्धास्त झोपण्याची सोय झाली, आणि त्यानंतर माझी झोप उडाली. बाहेर कुणी स्कूटर स्टँडवर लावली की त्या आवाजासरशी पोटात गोळा यायचा, हातपाय गार पडायचे. जेवताना भावाने मिठासाठी माझ्या बाजूने हात पुढे केला, तर मी दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. भाऊ ताटावरून उठून गेला आणि त्या दिवशी घरात कुणीच नीट जेवले नाही.

त्या संसारात काय घडले ते सविस्तर सांगण्याची इथे गरज नाही, तरी स्वरूप सांगायला हवे. थपडा होत्या, केस धरून ओढणे होते, एकदा गळा दाबणेही झाले. पण मारापेक्षा जास्त दिवस व्यापले ते इतर गोष्टींनी. माझे एटीएम कार्ड नवऱ्याकडे असे, फोन रोज तपासला जाई, भाजी आणायला लागलेल्या वेळाचाही हिशेब द्यावा लागे, आणि मुलगी झाल्यावर सासूबाईंनी सहा महिने तिला मांडीवर घेतले नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात, कलम ३ मध्ये, शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचार मानला आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. तोवर ज्या दिवशी हात उगारला गेला नाही, तो दिवस मी चांगल्या दिवसांत धरत होते.

माहेरच्या पहिल्या काही महिन्यांत जे होत होते त्याला आमच्या घरात नाव नव्हते. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, एका मावशीने कुठूनसा अंगारा आणून दिला. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी, "अगं, संसारात भांड्याला भांडं लागतंच, आता झालं गेलं विसर," असे समजावले. विसरण्याचीच तर पंचाईत होती. काही गोष्टी एका क्षणासाठीही विसरता येत नव्हत्या आणि काही गोष्टी प्रयत्न करूनही आठवत नव्हत्या. लग्नाआधी मी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात हिशेब लिहीत असे, आकड्यांची रांग नजरेखालून गेली तरी बेरजेतली चूक मला दिसायची. आता किराण्याच्या यादीची बेरीज करताना मध्येच सगळे पुसट होई. कधी कधी मी भांडी घासत असे आणि ते हात आपले नाहीत, आपण कुठून तरी दुरून त्या बाईकडे बघतो आहोत, असे वाटत राही. हे कुणाला सांगितले तर मुलगी माझ्याकडून काढून घेतली जाईल, या भीतीने मी ते कुणालाच सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या काळात लपवली होती आणि ती इथे मुद्दाम लिहिते, कारण ती बहुतेक जणी लपवतात. मला नवऱ्याची आठवण येत असे. मारल्यानंतर दोन दिवसांनी तो मोगऱ्याचा गजरा आणायचा, माझ्या कपाळावर हात ठेवून रडायचा, आणि त्या रात्री मला जी सुटका वाटायची तिच्यासारखी दुसरी कोणतीही भावना मला ठाऊक नव्हती. माहेरी सगळे प्रेमाने वागत होते, पण ती सुटका तिथे नव्हती. ज्याच्यापासून जीव वाचवून आलो त्याच्याच फोनची वाट पाहणे, याची लाज मला माराच्या वळांपेक्षा अधिक वाटत असे.

झोपेसाठी मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी रक्तदाब पाहिला, जीवनसत्त्वाच्या आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि टेन्शन घेऊ नका असे सांगितले. घरी काही होते का, हा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर माझे काही महिने वाचले असते. जोडीदाराच्या हिंसेशी संबंध असू शकेल अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांनी तसे विचारावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात तर २००० सालीच 'दिलासा' नावाचे केंद्र रुग्णालयाच्या आतच सुरू झाले, ते याच विचाराने की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते. विचारणारे भेटणे ही फार मोठी गोष्ट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. उरलेल्या गप्प का राहिल्या याचे नवल मला वाटत नाही, कारण मीही दीर्घकाळ त्यांच्यातच होते.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला व बालकांच्या विशेष साहाय्य कक्षात मला वहिनी घेऊन गेली. हे कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केले आणि पुढे ते राज्यभर झाले. तिथे बसणाऱ्या समाजकार्यकर्त्या पोलीस नसतात, हे कळल्यावर माझा आवाज थोडा फुटला. समोरच्या ताईंनी आधी दार लोटून घेतले, पाणी दिले, आणि मुलगी बाहेर वहिनीजवळ आहे ना याची खात्री करून घेतली. मग त्या म्हणाल्या, "ताई, सगळं आजच सांगायला हवं असं नाही. पहिल्यांदा काय झालं ते आठवत असेल तर ते सांगा, सगळ्यांत वाईट वाटलेला प्रसंग सांगा, आणि शेवटचा सांगा. मधलं आपण हळूहळू बघू." एवढ्या वर्षांत कुणीतरी मला माझी हकिकत कुठूनही सुरू करण्याची मुभा दिली होती. मी शेवटच्या प्रसंगापासून सुरुवात केली आणि तो पूर्ण सांगितला.

अडचण पुढे आली. त्याच २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी घरगुती घटना अहवाल, म्हणजे झालेल्या छळाची सरकारी नोंद, भरायला घेतला. त्या नमुन्यात हिंसेच्या प्रत्येक प्रसंगापुढे तारीख, ठिकाण आणि वेळ लिहिण्याचा रकाना असतो, आणि त्याखाली शारीरिक, शाब्दिक, आर्थिक अशा छळाच्या प्रकारांची यादी असते. यादीत मुलगा न झाल्याबद्दल टोमणे, चारित्र्यावर आरोप, नोकरी करू न देणे हे सगळे छापलेले पाहून मला रडू आले, कारण माझ्या घरातले शब्द सरकारी कागदावर आधीच होते. पण तारखेच्या रकान्यापाशी मी थांबले. गळा दाबला त्या रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान वाऱ्याने हलत होते हे मला आठवत होते, शेजारच्या घरात टीव्हीवर कोणती मालिका लागली होती हेही आठवत होते, आणि तो पावसाळा होता की हिवाळा, हे मात्र सांगता येत नव्हते. दोन वेगवेगळ्या वेळचे मार एकाच दिवशी झाले असे मी सांगितले आणि पुढच्या भेटीत ते बदलले. अधिकारी बाई चांगल्या होत्या, तरी त्यांच्या पेनाचे थांबणे मला दिसले. जिने आयुष्यभर तारीखवार नोंदी केल्या तिलाच स्वतःच्या आयुष्याची नोंद करता येत नव्हती, आणि त्यामुळे आपण खोटे बोलत असू अशी शंका मला स्वतःबद्दलच येऊ लागली.

हे खोटेपणाचे लक्षण नसून आघाताचे आहे, हे मला मानसोपचारतज्ज्ञांनी समजावून सांगितले. त्यांच्याकडे मला कक्षातल्या ताईंनीच पाठवले होते. जिवावरचे संकट येते तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची सूचना देतो, शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, आणि सगळे बळ वाचण्याकडे लागते. अनुभवाला काळवेळाची आणि जागेची चौकट देऊन साठवण्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो, आणि तीव्र, वारंवारच्या ताणात त्याचे काम विस्कळीत होते. म्हणून आवाज, वास, हाताची पकड अतिशय ठळक राहतात आणि क्रम हरवतो. क्रम हरवलेली आठवण मागे पडत नाही. स्कूटरच्या आवाजाने ती जागी होते तेव्हा भूतकाळ म्हणून जागी होत नाही, आत्ता, इथे घडत असल्यासारखी होते. माझी झोप सासरी टिकली आणि माहेरी उडाली, त्याचाही अर्थ त्यांच्या बोलण्यातून लागला. धोका चालू असताना शरीर फक्त तगण्याचे काम करते, आणि बाकीचे सारे सुरक्षित जागा मिळेपर्यंत थोपवून धरते.

आघातोत्तर ताणविकार हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आले, आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचा मोठा संदर्भ होता. एका अपघातातून किंवा एका हल्ल्यातून निर्माण होणाऱ्या त्रासाहून, सुटका नसलेल्या जागी वर्षानुवर्षे सोसलेल्या छळाचा परिणाम वेगळा असतो, असे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, हा गुंतागुंतीचा प्रकार स्वतंत्रपणे नोंदवला आहे. त्यात दचकणे, टाळणे आणि पुन्हा पुन्हा अनुभवणे यांच्या जोडीला तीन गोष्टी येतात : भावनांवर ताबा न राहणे, आपण कवडीमोल आहोत अशी पक्की धारणा, आणि माणसांच्या जवळ राहणे अवघड होणे. डॉक्टर हे वाचून दाखवत होते आणि मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. एखाद्या बाईला तिच्या दुःखाचे नाव मिळाले म्हणून दुःख कमी होत नाही, हे खरे आहे. पण आपल्याला वेड लागलेले नाही एवढे कळल्यावर मी त्या रात्री पहिल्यांदा दिवा बंद करून झोपायला गेले.

मला सर्ट्रालिन हे नैराश्यावर आणि आघातोत्तर ताणावर दिले जाणारे औषध सुरू झाले. त्याचा उपयोग जाणवायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते म्हणून मी ते मध्येच सोडले नाही. समुपदेशनाचे काम एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे झाले. सुरुवातीला त्यांनी भूतकाळाला हातही लावला नाही. छातीत धडधड सुरू झाली की पायांचे तळवे फरशीवर दाबायचे, खोलीतल्या दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची, आज कोणता वार आहे आणि आपण कोणत्या गावात आहोत हे स्वतःला सांगायचे, एवढेच काही आठवडे केले. मला ते अगदीच किरकोळ वाटले होते. पुढे न्यायालयाच्या व्हरांड्यात नवरा समोरून चालत आला तेव्हा याच किरकोळ गोष्टीने मी उभी राहिले.

मग लिहिण्याचे काम आले. मुळात बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेझिक यांनी विकसित केलेली एक उपचारपद्धती आहे, साधारण १२ बैठकांची. तिच्यात हे माझ्या बाबतीत का घडले असे आपल्याला वाटते ते आधी लिहायचे असते, आणि मग त्या लिखाणातले अडकून बसलेले विचार एकेक करून तपासायचे असतात. माझ्या पानावर एक वाक्य पुन्हा पुन्हा आले होते : मी ओरडले नाही, म्हणजे मला ते चालत होते. मॅडमनी विचारले, "गळा दाबलेल्या माणसाला ओरडता येतं का?" मी म्हटले, नाही. "आणि गळा सोडल्यानंतर तुम्ही का ओरडला नाहीत?" मी पुष्कळ वेळ विचार केला आणि सांगितले की मुलगी पलीकडे झोपली होती, ती उठली असती तर तो तिच्यावर गेला असता. हे कारण मला तोपर्यंत आठवतही नव्हते. संकटात प्राणी लढतात किंवा पळतात हे सगळ्यांना माहीत असते. दोन्ही शक्य नसले की शरीर गोठते, हे मात्र ना जबाब घेणारे लक्षात घेत, ना नातेवाईक. माझे गप्प राहणे हा माझा होकार नव्हता, हे लिहायला एक वाक्य लागते. ते पटायला मला बराच मोठा काळ लागला.

नवऱ्याची आठवण येण्याबद्दल मी याच बैठकांत बोलले. मॅडमना आश्चर्य वाटले नाही. मार आणि माया एकाच माणसाकडून, कधी काय मिळेल याचा नेम नसताना, आलटून पालटून मिळत राहिली की त्या माणसाशी बांधले जाणे घट्ट होत जाते, असे त्यांनी सांगितले. त्या गजऱ्याने होणारी सुटका ही प्रेमाची होती की भीती संपल्याची, हा प्रश्न त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि उत्तर मागितले नाही. मला ते उत्तर मिळाले आहे, पण ते माझ्यापाशीच राहू द्यावे असे मला वाटते.

तारखांचा प्रश्न या सगळ्यातून सुटला, आणि तो कसा सुटला हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतले. मॅडम म्हणाल्या की डोके ताणून तारखा आठवू नका, ज्या कागदांवर तारखा आहेत ते समोर घ्या. मी मुलीचे लसीकरणाचे कार्ड काढले. गोवराच्या लशीच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप होता आणि ती रडते म्हणून मला मार बसला होता. म्हणजे त्या प्रसंगाला तारीख मिळाली. हात मुरगळल्यावर काढलेल्या क्ष-किरण चित्राच्या पाकिटावर तारीख होती. माझ्या खात्यातून पगाराच्या दिवशीच सगळी रक्कम निघाल्याच्या नोंदी बँकेच्या उताऱ्यात होत्या. गौरी जेवल्या त्या वर्षीचा फोटो, वहिनीला अर्ध्या रात्री पाठवलेले आणि लगेच पुसलेले संदेश जे तिच्या फोनवर शिल्लक होते, गॅसची नोंदणी, घर बदलल्याचा भाडेकरार. वहीच्या डाव्या पानावर मी कागदावरची तारीख लिहीत गेले आणि उजव्या पानावर तिच्याभोवतीची आठवण. एका बैठकीला एकच प्रसंग, आणि शेवटी दहा मिनिटे पाय जमिनीवर टेकवून बसणे, असा क्रम आम्ही पाळला. जसजशी पाने भरली तसतसे रात्रीचे दचकणे कमी झाले. ज्या प्रसंगाला तारीख मिळाली तो त्या तारखेपाशी राहू लागला. काही प्रसंगांना तारीख कधीच मिळाली नाही; त्यांच्यापुढे मी 'मुलगी चालू लागल्यानंतर' किंवा 'दिवाळीच्या आधी' एवढेच लिहिले आणि शपथपत्रातही तसेच ठेवले.

२००५ च्या त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे स्त्री जिथे तात्पुरती राहते तिथेही अर्ज करता येतो, म्हणून संरक्षण आणि खर्च मागणारा कलम १२ खालचा अर्ज साताऱ्यातच दाखल झाला. अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. तारखा पुढे पडत गेल्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री माझी झोप पुन्हा जात राहिली. अशा प्रत्येक लांबणीवर एका बाईचे शरीर किती खर्च होते, याचा विचार व्यवस्थेने करायला हवा. अंतरिम संरक्षणाचा आणि मुलीच्या खर्चाचा आदेश मात्र लवकर झाला, आणि नवऱ्याला माझ्याशी संपर्क साधण्यास मनाई झाल्यावर औषधाने जे साधले नव्हते ते थोडे साधले.

उलटतपासणीसाठी बंद खोलीतल्या सुनावणीची विनंती माझ्या वकिलांनी केली आणि ती मान्य झाली, कलम १६ मध्ये तशी तरतूद आहे. समोरच्या वकिलांनी गौरी-गणपतीचा फोटो दाखवून विचारले की एवढा छळ होत होता तर तुम्ही इथे हसताय कशा. या प्रश्नाची मला वर्षभर भीती होती. मी पायांचे तळवे फरशीवर दाबले आणि सांगितले की तो फोटो सासूबाईंच्या माहेरच्या माणसांसमोर काढलेला आहे, त्या वेळी न हसणे मला परवडणारे नव्हते, आणि त्याच रात्रीची नोंद माझ्या शपथपत्रात आहे. मग त्यांनी तारीख नसलेल्या प्रसंगांकडे बोट दाखवले. त्या दिवशीची तारीख मला आठवत नाही, असे मी तीन-चार वेळा सरळ सांगितले. पूर्वी हेच वाक्य उच्चारताना मला स्वतःची शंका येत असे.

मुलीबद्दल थोडे लिहायला हवे. ती मारली गेली नव्हती, म्हणून तिला काही झालेले नाही असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली, आणि खेळताना बाहुलीला "गप्प, बाबा येतील" असे सांगताना वहिनीने ऐकले. पाहणारे मूलही हिंसा सोसत असते. तिच्यासाठी वेगळ्या बालसमुपदेशक आहेत, आणि तिचे तिथे काय चालते ते मी विचारत नाही.

संरक्षण आणि खर्चाचे अंतिम आदेश झाले आहेत. कलम २२ खाली मानसिक छळ आणि भावनिक यातनांसाठी भरपाई मागता येते. तो भाग अजून प्रलंबित आहे. वकिलांनी त्यासाठी परिणामांचे वेगळे शपथपत्र मागितले, तेव्हा मी दुसऱ्या कुणाचा मसुदा न घेता ते स्वतः लिहिले. त्यात मारांची यादी नाही, ती आधीच्या शपथपत्रात आहे. यात मी लिहिले की मला गर्दीच्या बसमध्ये मागे कुणी उभे राहिलेले अजून सहन होत नाही; की मी हिशेबाचे काम अर्धवेळ पुन्हा सुरू केले आहे, पण दुपारनंतर आकडे पुसट होतात आणि त्यामुळे पूर्णवेळ नोकरीच्या पगाराला मी मुकते; की औषध आणि समुपदेशनावर झालेला खर्च पावत्यांसह सोबत जोडला आहे; आणि ज्या वर्षांत मी माझ्या मुलीचे पहिले शब्द लक्षात ठेवायला हवे होते, त्या वर्षांतला बराच भाग माझ्याकडे नाही. या शेवटच्या वाक्याची किंमत कशी लावणार असे वकिलांनी विचारले. मी ते खोडू दिले नाही, आणि पुढच्या तारखेला ते तसेच दाखल झाले.